गाडीचे प्रश्न : जुनी ट्रान्सफर केस बसवल्यानंतर

प्रश्न : माझ्याकडे १९९९ सालची मारुती जिप्सी किंग आहे. आमचे शेत जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात डोंगराला लागून असल्यामुळे पावसाळ्यात चारही चाकांची ओढ असल्याशिवाय तिथवर पोहोचता येत नाही. गेल्या महिन्यात ओढ्यातल्या दगडावर गाडी आपटली, ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीला) तडा गेला आणि ऑइल वाहून गेले. नवी मिळत नव्हती, म्हणून जुन्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली ट्रान्सफर केस आणून ओळखीच्या मिस्त्रींकडून बसवून घेतली. तेव्हापासून ताशी पन्नासच्या पुढे खालून घोंघावण्याचा आवाज येतो. सत्तरच्या वेगात इंजिन पूर्वीपेक्षा जास्त ओरडते आणि पेट्रोलही जास्त जाते. उतारावर ‘फोर लो’मध्ये (चारही चाकांची ओढ, कमी वेग) असताना लिव्हर आपोआप निसटतो, उभ्या गाडीखाली ऑइलचे थेंब पडतात, आणि डांबरी रस्त्यावर ‘फोर हाय’ (चारही चाकांची ओढ, नेहमीचा वेग) टाकला तर वळताना गाडी अडकल्यासारखी होते. व्यापाऱ्याने पंधरा दिवसांची टेस्टिंग गॅरंटी दिली होती, त्यातले सहा दिवस उरले आहेत. मिस्त्री म्हणतात, पेटी खोलून पाहू. खोलावी का?

उत्तर : आज खोलू नये. जुन्या भागांच्या व्यवहारात व्यापारी जोडावर आणि नट-बोल्टांवर रंगाची खूण करून देतात, आणि ती खूण मोडली की गॅरंटीही संपते. शिवाय तुम्ही एका दमात सांगितलेल्या पाच तक्रारी एकाच दोषाच्या नाहीत. त्यांपैकी एक तर दोषच नाही, दोन बहुधा पेटीच्या बाहेरच्या आहेत आणि एकीचा निकाल पेटी न उघडता, नुसते फेरे मोजून लागतो. उरलेले सहा दिवस त्यासाठी पुरेसे आहेत.

सुरुवात इंजिनाच्या ओरडण्यापासून करू, कारण पेटी ठेवायची की परत करायची हे त्यावर ठरणार आहे. जिप्सीमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे, स्वतंत्र रबरी फाउंडेशनांवर टांगलेली असते आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. या पेटीत ‘हाय’मध्येसुद्धा शक्ती सरळ पुढे जात नाही. ती एकदा गिअरमधून उतरूनच चाकांकडे जाते, आणि ही उतरण दोन पिढ्यांच्या जिप्सींमध्ये वेगवेगळी आहे. १९८५ साली आलेल्या पहिल्या जिप्सीचे इंजिन ९७० सीसीचे होते आणि त्या लहान इंजिनाला मदत म्हणून हायचे प्रमाण १.५८० तर लोचे २.५११ ठेवले होते, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला पेटीत येणारा शाफ्ट तितके फेरे फिरतो. तुमच्या किंगच्या १.३ लिटरच्या इंजिनाच्या जोडीला येणाऱ्या पेटीत हीच प्रमाणे १.४०९ आणि २.२६८ आहेत. दोन्ही पेट्या बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की दुकानातल्या रॅकवर शेजारी ठेवल्या तर पुष्कळ मिस्त्रीही फसतात. त्यातच, कवच एका पेटीचे आणि आतले गिअर दुसरीचे अशी जोडाजोड या गाड्यांमध्ये पूर्वापार चालत आली आहे. त्यामुळे कवचावरच्या खुणा पाहून किंवा विकणाऱ्याच्या ‘किंगचीच आहे साहेब’ या शब्दावर निर्णय करू नये.

निर्णय मोजून करावा. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागची दोन्ही चाके उचलून एक्सलखाली भक्कम घोड्या लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. इंजिन बंद, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, ट्रान्सफरचा लिव्हर टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ओढ) आणि हँडब्रेक सोडलेला असावा. मागच्या लांब शाफ्टवर आणि गिअरबॉक्सकडून येणाऱ्या आखूड शाफ्टवर खडूने एकेक रेघ ओढा. आता मागचा शाफ्ट हाताने बरोबर दहा फेरे फिरवा आणि तेवढ्यात आखूड शाफ्ट किती फिरला हे दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा. चौदा फेरे आणि किंचित वर भरले तर पेटी तुमच्याच गाडीची आहे. सोळाला जेमतेम कमी भरले तर आतले गिअर जुन्या लहान इंजिनाच्या जिप्सीचे आहेत. पाऊण तासाचे काम आहे, आणि त्याला खडूखेरीज काही खर्च नाही.

माझा अंदाज सोळाचा आहे. १.५८० ला १.४०९ ने भागले तर १.१२ येतात, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाला शेकडा बारा फेरे जास्त मारावे लागतात. ताशी सत्तरला तुमचे इंजिन आता जितके फिरते, तितके ते पूर्वी साडेअठ्ठ्याहत्तरला फिरत असे. तुमच्या कानांनी जे टिपले आहे ते नेमके हेच असावे. वेगाचा काटा मात्र या बाबतीत काही सांगणार नाही, कारण त्याची केबल ट्रान्सफर केसच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरून फिरते आणि आतली उतरण कितीही बदलली तरी तो शाफ्ट आणि चाके यांचे नाते तेच राहते. मोबाइलवरचा वेग आणि काटा यांत फरक पडत असेल, तर ते केबलच्या टोकाच्या लहान गिअरचे किंवा बदललेल्या टायरांचे प्रकरण आहे. ते वेगळे पाहावे.

फेरे सोळा भरले तर पेटी परत करायचीच का? हे गाडी कशासाठी वापरता यावर आहे. डोंगरात फिरणारे हौशी लोक हीच कमी गतीची पेटी मुद्दाम शोधून किंगला बसवतात, कारण लोमध्ये जवळजवळ अकरा टक्के जास्त ओढ मिळते आणि दगडांवरून गाडी मुंगीच्या पावलाने नेता येते. तुमची गाडी शेत आणि गाव एवढीच फिरत असेल तर मी ती ठेवीन. दर आठवड्याला नाशिक रस्त्याने पुण्याला जात असाल तर मुळीच ठेवणार नाही.

आता घोंघावण्याचा आवाज. शक्ती नेहमीच गिअरमधून उतरत असल्यामुळे थोडा घरघराट या पेटीचा स्वभावच आहे, आणि जुन्या मालकाच्या कानाला तो नवा वाटत नाही. तुम्हाला तो नवा वाटतो, म्हणजे काहीतरी बदलले आहे. त्याचा उगम शोधण्याची एक सोय या स्वतंत्र पेटीमुळे आपोआप मिळते, तिचा उपयोग मात्र फार थोडे मिस्त्री करतात. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चारही चाकांना दगड लावा, आणि ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलमध्ये आणा. चालकाने सीटवरच बसून इंजिन सुरू करावे आणि गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू रेस द्यावी. या स्थितीत आखूड शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमधला आत येणारा व मधला शाफ्ट फिरतात, पण पुढचामागचा लांब शाफ्ट, डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि चाके स्थिर राहतात. ट्रान्सफरच्या लिव्हरभोवतीचे रबरी बूट आधीच वर सरकवून ठेवले तर आवाज थेट वर ऐकू येतो, आणि फिरत्या शाफ्टखाली कोणाला झोपवण्याची गरज पडत नाही. तसे कोणी झोपूही नये. मग गिअरबॉक्सही न्यूट्रलला आणून तेवढीच रेस द्या. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर तो इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सचा आहे. फक्त चौथ्यात आला तर आखूड शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे), ट्रान्सफरचा आत येणारा शाफ्ट किंवा मधल्या शाफ्टची बेअरिंगे यांच्यावर संशय घ्यावा. मधल्या शाफ्टची सुयांची बेअरिंगे ही या पेटीतली नेहमीची झिजणारी जागा आहे, आणि ती गेली की शाफ्टवरही खड्डे पडतात. दोन्ही वेळा शांतता असेल तर आवाज पेटीनंतरच्या भागात, म्हणजे लांब शाफ्ट, डिफरन्शियल किंवा टायर यांत शोधावा. एवढे लक्षात ठेवा की या चाचणीत गिअरांवर भार नसतो, त्यामुळे फक्त ओढ बसल्यावर येणारा बारीक आवाज इथे लपू शकतो.

तुमच्या बाबतीत पेटीच्या आधी मी आखूड शाफ्ट आणि फाउंडेशने पाहीन. ज्या दगडाने कवच फोडले त्याने रबराला आणि ब्रॅकेटला सोडले असेल असे वाटत नाही. जाड पहार पेटी आणि चासी यांच्यामध्ये घालून पेटी हलवून पाहा. रबर फाटलेले असेल तर फट उघडताना दिसते. पेटी तिरकी टांगली गेली की आखूड शाफ्ट वाकड्या कोनात फिरतो आणि तेवढ्याने आवाज व थरथर दोन्ही येतात. दुसरी चूक बसवतानाची असते. या शाफ्टला मध्ये सरकणारा जोड आहे, आणि पेटी उतरवताना तो सुटला की पुन्हा घालताना दोन टोकांचे काटे एका रेषेत आणावे लागतात. एक दाता जरी इकडेतिकडे झाला तरी दोन्ही क्रॉस एकमेकांची चाल सावरण्याऐवजी बिघडवतात. गाडीखाली वाकून टॉर्च मारली तरी हे दिसते. मिस्त्रींनी सोडवताना रंगाची खूण केली होती का, हे जरूर विचारा. विचारण्याच्या सुरात विचारा, जाब मागितल्यासारखे नको.

‘फोर लो’ निसटणे ही पाचांतली एकच तक्रार मी धोक्याची मानतो. लो सुटून लिव्हर न्यूट्रलमध्ये आला की इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो, आणि ज्या उतारावर इंजिनाच्या ब्रेकवर तुम्ही विसंबला आहात तिथेच गाडी मोकळी पळते. याच कारणाने उतारावर गाडी उभी करताना गिअरबॉक्स पहिल्यात टाकून निश्चिंत होऊ नये. ट्रान्सफर न्यूट्रलला असेल तर पहिला गिअर गाडी धरत नाही. लिव्हर हाताने दाबून धरणे किंवा सीटला दोरीने बांधणे हा उपाय गावोगाव पाहायला मिळतो, पण त्याने आतला, गिअर सरकवणारा फोर्क घासत राहतो आणि किरकोळ किमतीच्या स्प्रिंगचे काम हजारांवर जाते.

कारणे क्रमाने तपासावीत. लिव्हर पेटीवरच बसवलेला असतो आणि फरशीच्या भोकातून वर येतो. फाउंडेशन फाटले असेल तर लोच्या जोराने पेटी फिरते, लिव्हर भोकाच्या कडेला टेकतो आणि पूर्ण आत जाण्यापूर्वीच अडतो. बूट काढून एकाने लिव्हर लोमध्ये घालावा आणि दुसऱ्याने कडेला किती जागा उरते ते पाहावे. जागा भरपूर असेल तर पुढची पायरी म्हणजे लिव्हरचे दांडे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगा. त्या बाहेरून लावलेल्या बोल्टांच्या मागे असतात, त्यामुळे पेटी न फोडता बदलता येतात, पण तेही व्यापाऱ्याला फोनवर सांगूनच करावे. जुन्या स्प्रिंगा नव्यांशेजारी ठेवल्या तर कितीतरी आखूड झालेल्या दिसतात. नव्या स्प्रिंगा घालूनही लो सुटत राहिला, तर आतल्या दात्यांच्या कडा गोल झाल्या आहेत असे समजा. त्याला खालून कोणताही इलाज नाही, पेटी परत गेली पाहिजे.

ऑइलच्या थेंबांबाबत थोडक्यात. या पेटीत सुमारे ०.८ लिटर ऑइल मावते आणि पातळी बाजूच्या नटाच्या भोकापर्यंतच असावी. ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून भरले की ते सीलमधून बाहेर येते. हवा सोडणारा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तरी पेटी गरम झाल्यावर तसेच होते. गळती फ्लँजमागच्या (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीमागच्या) सीलची असेल, तर नवे सील घालण्यापूर्वी फ्लँजच्या मानेवर नख फिरवून पाहा. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर कोणतेही सील तिथे टिकत नाही. एक काम मात्र गॅरंटीच्या आतच करा. खालचा नट काढून ऑइल स्वच्छ भांड्यात उतरवा आणि पांढऱ्या फडक्यावर पसरून उन्हात पाहा. करडी, बोटांना न बोचणारी पेस्ट वयाची खूण आहे. चमकणारे कपचे किंवा सुईसारखे तुकडे असतील तर ते बेअरिंगांचे किंवा गिअरांचे आहेत, आणि दुधाळ रंग असेल तर पेटीत पाणी शिरले आहे. फडक्याचा फोटो काढून ठेवा, वाद झाला तर तो उपयोगी पडतो. नंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले जीएल-४ प्रतीचे ऑइल भरा.

डांबरी रस्त्यावर ‘फोर हाय’मध्ये गाडी अडकते हा दोष नव्हे. या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात, आणि तो फरक चिखलात चाक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर मात्र तो गिअरांत पीळ होऊन साठतो. लिव्हर अडकला तर जोर लावू नका, गाडी सरळ रेषेत दहाएक फूट मागे घ्या, पीळ सुटला की तो आपणहून निघतो. सरळ रस्त्यावरही अडकत असेल तर पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का ते पाहा.

शेवटी मीच एक प्रश्न विचारतो : तडा गेलेली जुनी पेटी कुठे आहे? ती भंगारात दिली नसेल तर देऊ नका. ऑइल गेल्याबरोबर गाडी थांबवली असेल तर आतले गिअर आणि शाफ्ट जवळजवळ नक्की शाबूत असतील, आणि ते तुमच्याच गाडीच्या प्रमाणाचे आहेत. कवच जोडभागांचे असते. तडा एकाच भागात असेल, तर विकत घेतलेल्या पेटीचा चांगला भाग आणि तुमचे मूळचे गिअर यांची एक धड पेटी होऊ शकते, फक्त बेअरिंगे, सीले आणि पॅकिंग नवे घालावे लागेल. व्यापारी पैसे परत देण्यास तयार नसेल, तर किमतीत सूट मागून हा मार्ग धरणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. खोलण्याची मिस्त्रींची घाई तेव्हा सार्थकी लागेल.

प्रश्न : संगमेश्वरला माझ्या आजोबांची जुनी महिंद्रा जीप आहे. तिला दुसऱ्या जीपची ट्रान्सफर केस बसवल्यापासून गिअरबॉक्समधले ऑइल कमी होते आणि ट्रान्सफरमधले वाढते. जमिनीवर मात्र एक थेंब पडत नाही. हे कसे?

उत्तर : विलिस घराण्यातल्या या जीपची रचना जिप्सीच्या उलट आहे. इथे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्टने जोडलेली असते आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट बेअरिंगमधून तिच्या पोटात शिरतो. मधला अडसर झिजला किंवा जोडताना नीट बसला नाही, की ऑइल एका पेटीतून दुसरीत झिरपते. वरून दोन्हीकडे ऑइल ओतत राहणे हा उपाय नव्हे, कारण गिअरबॉक्स कोरडा पडत असताना ट्रान्सफर ओसंडते आणि पुढचीमागची सीले उगाच दोषी ठरतात. ट्रान्सफर उतरवून मधले सील आणि बेअरिंग बदलून घ्या, आणि दोन्हीकडे एकाच प्रतीचे ऑइल वापरा.

पेटी उतरवलेली असतानाच तिच्या मधल्या शाफ्टची जाडी व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या साधनाने) मोजा. या पेट्या वर्षानुवर्षे बनत गेल्या तसा तो पाऊण इंचावरून एक पूर्णांक एक अष्टमांश आणि पुढे सव्वा इंचाचा झाला, आणि त्याबरोबर आत शिरणाऱ्या गिअरचे दातेही बदलले. दुसऱ्या जीपची पेटी तुमच्या जुन्या गिअरवर नुसती ‘बसली’ म्हणजे जुळली असे नाही. दोन्हीकडचे दाते मोजून पाहावेत.

प्रश्न : वापरलेली ट्रान्सफर केस बसवल्यावर माझ्या जिप्सीत ‘फोर व्हील’चा दिवा लागतो, पण चिखलात फक्त मागची चाके फिरतात. पैसे वाया गेले का?

उत्तर : नाही, एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. तो दिवा पेटीवरच्या स्विचने लागतो आणि आतला दांडा सरकला एवढेच सांगतो. पुढचे चाक फिरते की नाही हे त्याला कळत नाही. तुमच्या पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाक एक्सलपासून मोकळे करणारे जोड) असतील तर दोन्ही हब लॉकवर फिरवले आहेत का ते आधी पाहा. एक जरी मोकळा राहिला तरी डिफरन्शियल सगळी ओढ त्या मोकळ्या बाजूला वाया घालवतो. हब लॉक असूनही तेच होत असेल, तर दोन्ही हब मोकळे करा, कारण ते लॉक असताना चाकेच पुढच्या शाफ्टला फिरवतात. मग मैदानात ‘फोर हाय’ टाकून गाडी माणसाच्या चालीने पुढे न्या आणि बाजूला लांब उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या शाफ्टकडे पाहायला सांगा. शाफ्ट फिरत असेल तर बिघाड बहुधा पुढच्या एक्सलमध्ये किंवा हबमध्ये आहे, मात्र भार येताच पेटीतले दाते सुटत असण्याची शक्यता उरते. शाफ्ट फिरत नसेल तर मात्र पेटी विकणाऱ्याला फोन करा.